आधी काय भरले आहे, ते फिलरपूर्वी सांगा

ओठांसाठी, गालांसाठी किंवा नाकालगतच्या रेषांसाठी फिलर (त्वचेखाली सुईने भरायचा, उभारी देणारा पदार्थ) घ्यायला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण एक गोष्ट सांगायची राहू देतात, ती म्हणजे पूर्वी घेतलेले फिलर. कोणी ते गोव्यात घेतलेले असते, कोणी पुण्यात, तर कोणी ओळखीच्या पार्लरमध्ये. आणि बधिर करणारे मलम लावून झाल्यावर, सुई हातात घेतल्यावर ही माहिती बाहेर येते. मग त्या दिवशीचे काम थांबवावे लागते आणि खानापूर-निपाणीहून आलेल्यांची खेप फुकट जाते.

आम्ही इतके का अडून बसतो, ते समजण्यासाठी दात घट्ट आवळून जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवा. टणक होणाऱ्या स्नायूच्या लगेच पुढे नाडीचा ठोका लागतो. ही चेहऱ्याची धमनी ओठांच्या कोपऱ्याजवळून वळणे घेत नाकाच्या कडेने वर जाते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी डोळ्याच्या धमनीच्या शाखांना मिळते. तिचा मार्ग प्रत्येकात थोडा वेगळा असतो, एकाच चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंतही. फिलर चुकून धमनीत गेले, तर पुढची त्वचा रक्ताविना काळी पडू शकते. दाबाने ते उलटे सरकून डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचले, तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडते, पण भुवयांच्या मधली जागा आणि नाक येथे धोका अधिक असतो.

हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर हायलुरॉनिडेझ या इंजेक्शनने विरघळवता येते. कॅल्शियमचे फिलर किंवा सिलिकॉन त्याने विरघळत नाही. म्हणून जुन्या पदार्थाचे नाव लागते. नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही सांगा, कारण व्रणात अडकलेली रक्तवाहिनी सुईपुढून बाजूला सरकत नाही.

‘इतर ठिकाणी दहा मिनिटांत होते,’ असे आम्हाला ऐकवले जाते. होत असेल. आम्ही बहुतेक ठिकाणी बोथट टोकाची कॅन्युला (सुईऐवजी वापरायची बारीक नळी) वापरतो, थोडे-थोडे आणि सावकाश भरतो, मध्येच त्वचा दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहतो आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतो. बस चुकेल म्हणून लवकर सोडत नाही.

घरी गेल्यावर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उठले किंवा दुखणे वाढत गेले, तर बर्फ लावून सकाळची वाट पाहू नका. रात्रीही फोन करा. बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारे औषध असल्याने सुरुवातीला दुखतेच असे नाही. दिसणे अंधुक झाले, तर मिनिटभरही न थांबता दवाखान्यात जायला निघा.

सिरिंजसोबत नाव आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर येते. ते आम्ही तुमच्या कार्डावर चिकटवून देतो. पुढच्या वेळी दुसरीकडे गेलात, तरी हे कार्ड सोबत न्या.