हंसाच्या पंखावर निजवलेलं बाळ

एक तरुण बाई, वय असेल अठराच्या आसपास, उताणी झोपवलेली, आणि तिच्या शेजारी नुकतंच जन्मलेलं बाळ. बाळाच्या खाली हंसाचा पंख. पिसं कधीच कुजून गेली, उरली ती पंखाची हाडं, पण ती बरोबर बाळाच्या खालीच होती. डेन्मार्कमधल्या वेडबेकचं हे ८ नंबरचं थडगं, जवळपास सात हजार वर्षांपूर्वीचं, आणि मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

बाईच्या डोक्याखाली हरणाच्या दातांचे आणि शंखांचे मणी सापडले, दातच दोनशेच्या आसपास. आता हे मणी नुसते ओतलेले नव्हते, ते एखाद्या कपड्याला शिवलेले असणार आणि तो कपडा घडी करून उशीसारखा तिच्या डोक्याखाली ठेवला असणार. कातडं गेलं, मणी जागच्या जागी राहिले. म्हणून तर उत्खननात वस्तू पटकन उचलत नाहीत, आधी ती नेमकी कुठे पडलीये ते मोजून कागदावर उतरवतात, कारण अर्धी माहिती त्या जागेतच असते. बाळाच्या कमरेशी गारगोटीचं एक पातं होतं. तिथल्या पुरुषांच्या कमरेशीही अशी पाती मिळतात, त्यावरून तो मुलगा असावा असं मानतात. ज्याने धड एक दिवस पाहिला नसेल त्यालाही सुरी दिली होती.

ही जागा सापडली १९७५ साली, शाळेच्या पार्किंगसाठी खोदकाम चालू असताना. १७ थडगी, २२ माणसं, आणि बऱ्याच जणांच्या अंगावर गेरू टाकलेला, तुळशीवृंदावनाला लावतो तोच गेरू. आज तिथे कोरडी जमीन आहे पण तेव्हा खाडी आत शिरलेली होती, आणि ही माणसं शेती करणारी नव्हती, मासे, सील, हरणं, रानडुकरं यांवर जगणारी.

ते काय खायचे हे हाडंच सांगतात. समुद्रातल्या अन्नात कार्बन-१३ चं, म्हणजे कार्बनच्या एका जरा जड प्रकाराचं, प्रमाण जमिनीवरच्या अन्नापेक्षा साधारण जास्त असतं आणि तो फरक खाणाऱ्याच्या हाडात उतरतो. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या या काळातल्या हाडांत समुद्राचं अन्न स्पष्ट दिसतं आणि पुढे शेती आल्यावरच्या हाडांत ते एकदम कमी होतं. पण यात एक गोची आहे, समुद्रातला कार्बन मुळातच जुना असतो, म्हणून मासे खाणाऱ्या माणसाचं हाड कार्बन डेटिंगमध्ये, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून वय काढताना, त्याच्या खऱ्या वयापेक्षा जुनं दिसतं, कधी कधी चारशे वर्षांनीसुद्धा. म्हणजे आधी आहार समजून घ्यायचा आणि मग तारखेतून ती वर्षं वजा करायची. किनाऱ्यावरच्या थडग्यांचं वय काढणं असं किचकट काम आहे.

हंसच का, यावर बरंच लिहिलं गेलंय. हंस पाण्यात पोहतो, जमिनीवर चालतो, आकाशात उडतो, म्हणून जीव पलीकडे नेणारा पक्षी, असं काहीजण म्हणतात. असेलही. मला मात्र आधी त्या पंखाचा मऊपणाच दिसतो, आपण बाळाला दुपट्यावर ठेवतो तसा.

पण हे सगळं शांत जग होतं असं समजू नका. तिथल्याच आणखी एका थडग्यात एकत्र पुरलेली तिघं आहेत, त्यातल्या पुरुषाच्या घशाशी हाडाचं अणकुचीदार टोक रुतलेलं आहे, शेजारी एक बाई, आणि दोघांच्या मधे एक लहान मूल.