मॉडेल गाडीचा फोटो खेळण्यासारखा का येतो, आणि गाडीसारखा कसा काढायचा

मॉडेल हातात घेतलं की बॉनेटची कड, आरशाची दांडी, डॅशबोर्डवरचे काटे, सगळं जिथल्या तिथे दिसतं. त्याच मॉडेलचा फोटो काढला की मात्र टेबलावर ठेवलेलं खेळणं दिसतं. बहुतेक वेळा यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. गाडी १८ पटीने लहान झालेली असते, पण फोटो काढणाऱ्याची उंची, जमिनीवरची खडी आणि टपावरची धूळ मूळ मापातच राहिलेली असते. या तिन्हींना गाडीच्या मापात आणायचं, हाच या पत्रकाचा विषय. लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा गृहीत धरला आहे; छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

कॅमेरा किती उंचीवर

उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतात. १६०० मिलिमीटरला स्केलने (मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा जितक्या पटीने लहान तो आकडा; १:१८ ला १८) भागलं की लेन्सच्या मध्याची उंची मिळते:

१:१८ ला ८९ मिलिमीटर
१:२४ ला ६७ मिलिमीटर
१:४३ ला ३७ मिलिमीटर
१:६४ ला २५ मिलिमीटर

उंची मोजायची ती मॉडेलची चाकं टेकली आहेत तिथपासून. उकिडवं बसून काढल्यासारखा फोटो हवा असेल तर १६०० ऐवजी १००० धरा. उंची बरोबर आहे का, ते टपावरून कळतं. खरी सेडान साधारण १.४५ मीटर उंच असते, त्यामुळे उभ्या माणसाला तिचा टप एका बारीक पट्टीएवढाच दिसतो. फोटोत टपाचा अर्धा पत्रा दिसत असेल तर तुम्ही माडीवरून बघताय.

१:४३ आणि १:६४ ला कॅमेरा टेबलावर ठेवून इतका खाली जातच नाही, कारण बॉडीचा खालचा भाग आणि ट्रायपॉडचं डोकं आड येतं. मॉडेल टेबलाच्या कडेशी आणा आणि कॅमेरा टेबलाबाहेर असा उभा करा की त्याचा तळ कडेच्या जरा खाली येईल. पुस्तकांच्या चळतीवर फळी ठेवून तिच्यावर मॉडेल ठेवलं तरी चालतं, फक्त फळी हलता कामा नये.

अंतर, झूम आणि पुसट शेपूट

मॉडेल लहान म्हणून लोक जवळ जातात, आणि तिथेच दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे बंपर फुगतो आणि डिकी आकसते. दुसरी म्हणजे फोकस एका पातळ पापुद्र्यापुरताच उरतो. नजर हाच पुसटपणा बघून ‘वस्तू छोटी आहे’ असं ठरवते. खऱ्या गाडीचा फोटो १० मीटरवरून काढला तर ती पुढून मागेपर्यंत स्पष्ट येते. मॉडेलही तसंच यायला हवं.

एपीएस-सी सेन्सर (लेन्स बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांतला मध्यम आकाराचा सेन्सर) आणि ५० मिलिमीटर लेन्स धरून हिशेब असा. १:१८ चं मॉडेल ६० सेंटिमीटरवर असेल तर एफ ४ ला (एफचा आकडा मोठा तसं लेन्सचं छिद्र बारीक) जेमतेम २ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ ११ ला ६ आणि एफ १६ ला ८. गाडी २५ सेंटिमीटर लांब. तिरकी ठेवली तरी १५ ते २० सेंटिमीटर खोली लागते. म्हणजे हेडलाइट स्पष्ट आला की मागचं चाक पुसट होणारच. मग मागे सरका. १ मीटरवर एफ १६ ला २४ सेंटिमीटर मिळतात. गाडी आता चौकटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते, म्हणून फोटो कापावा लागतो, आणि कापून मोठा केला की पुसटपणाही मोठा होतो. तरी हिशेबाअंती १४ सेंटिमीटर हातात राहतात, पूर्वीच्या ८ ऐवजी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कापल्यावरही गाडी ३००० पिक्सेलपेक्षा जास्त रुंद उरते. तेवढ्यात मॉडेलच्या मूळ लांबीचा, म्हणजे २५ सेंटिमीटरचा, चांगला प्रिंट निघतो.

एफ २२ वर जायचा मोह टाळा. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. एफ ११ ते एफ १६ पुरे. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यात एफ ५.६ लाच भरपूर खोली मिळते, एफ ८ च्या पुढे बहुतेकांत सोयच नसते. त्यांच्यात फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो मोड मात्र फसवा असतो. तो सर्वांत जवळ जातो ते झूम पूर्ण मागे असताना, आणि नाक फुगतं तेही तेव्हाच. झूम मध्यावर आणा, फोकस लागेपर्यंत मागे सरका, नंतर फोटो कापा.

लेन्सवर लिहिलेलं कमीत कमी फोकस अंतर काचेपासून नसतं, सेन्सरपासून असतं. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथून मोजा.

फोकस हाताने लावा. लाइव्ह व्ह्यू चालू करून कॅमेऱ्याजवळच्या हेडलाइटवर ५ किंवा १० पट मोठं करून बघा, आणि मग फोकस अगदी थोडा मागे, पुढच्या चाकाकडे ढकला. ‘एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे’ हा नियम लांबच्या देखाव्यांसाठी ठीक आहे. इतक्या जवळ स्पष्ट भाग फोकसच्या पुढे-मागे जवळपास सारखाच वाटला जातो. शेवटी काही पुसट राहणारच असेल तर ते मागे राहू दे. पुसट डिकी कुणाच्या डोळ्यात येत नाही, पुसट हेडलाइट लगेच येतो.

१:६४ ला मागे सरकूनही पुरत नाही. तिथे फोकस स्टॅकिंग करा: ट्रायपॉड न हलवता एफ ८ वर, पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत फोकस थोडा थोडा सरकवत ८ ते १५ फोटो. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉप ते एकत्र करतं. काही कॅमेऱ्यांत फोकस सरकवत असे फोटो आपोआप काढणारं फोकस ब्रॅकेटिंग असतंच. मधला एक फोटो जरी राहिला तरी दारावर पुसट पट्टा उमटतो, म्हणून फोटो कमी काढण्यापेक्षा चार जास्त काढा.

प्रकाश

चकचकीत गाडीचा फोटो म्हणजे खरं तर गाडीत पडलेल्या प्रतिबिंबांचा फोटो. दारात खोलीतली खिडकी, बॉनेटवर ट्यूबलाइट आणि मागच्या पॅनेलवर तुमचा शर्ट उमटत असेल तर रंग कितीही सुरेख असो, माप उघडं पडतं. म्हणून गाडीवर दिवा टाकायचा नाही. कागदावर दिवा टाकायचा आणि तो उजळलेला कागद गाडीत उमटू द्यायचा.

१:१८ साठी साधारण ५० × ४० सेंटिमीटरची चौकट करा, तिला बटर पेपर ताणून लावा आणि ती मॉडेलच्या वर २० सेंटिमीटरवर, किंचित मागे झुकवून धरा. दिवा कागदापासून आणखी २५-३० सेंटिमीटर वर. आता कॅमेऱ्यातून बघत चौकट बोटभर पुढे-मागे करा. बॉनेटवरून काचेखालून मागच्या दिव्यापर्यंत एकच पांढरी रेघ सलग धावायला लागली की थांबा. गाडीचा घाट ती रेघच दाखवते. रेघेच्या मध्ये जास्त उजळ डाग दिसला तर दिवा वर घ्या किंवा बटर पेपरचा दुसरा थर लावा. अंधारात गेलेल्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करा.

तयार मिळणारा पांढरा लाइट टेंट पहिली खरेदी म्हणून आम्ही सुचवत नाही. त्यात चहूबाजूंनी पांढरंच उमटतं, कडा विरघळतात आणि गाडी धुतलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसते. घरात असेलच तर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या ४-५ सेंटिमीटरच्या पट्ट्या आतून उभ्या करा. त्या पट्ट्यांची काळी प्रतिबिंबं दारांना कड देतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांना ही युक्ती टेंटशिवायही लागते.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंदच ठेवा. तो समोरून टिकलीएवढा पांढरा ठिपका टाकतो आणि गाडीमागे काळी सावली चिकटवतो. मेटॅलिक रंगावर तर तो वैरीच, कारण रंगातल्या चमकीचे कण स्केलमध्ये लहान होत नाहीत; थेट प्रकाशात ते वाळूसारखे उठून दिसतात.

पुढच्या काचेवरची चमक गोलाकार पोलरायझरने (लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर) बरीच कमी होते. तो फिरवत बघा, आत स्टिअरिंग दिसू लागेल. प्रकाश मात्र दीड-दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि क्रोमच्या चमकीवर त्याचा उपयोग नाही. क्रोम धातूसारखं वागतं, तिथे समोर काय उमटतंय तेच बदलावं लागतं.

कॅमेऱ्यातली मांडणी

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, वेळ कॅमेरा ठरवतो), आयएसओ १००, रॉ फाइल. शटर अर्धा सेकंद किंवा दोन सेकंद उघडं राहील, त्याने काही बिघडत नाही, गाडी हलणार नाहीये. हलतो तो कॅमेरा: म्हणून ट्रायपॉड, २ सेकंदांचा सेल्फ टायमर, आणि ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद. पंखाही बंद, कागदाची पार्श्वभूमी वाऱ्याने थरथरते आणि फोटोत फक्त तीच पुसट का आली, हे कळत नाही.

सगळे दिवे एकाच जातीचे ठेवा. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा असेल तर गाडी अर्धी निळी, अर्धी पिवळी येते, आणि कुठलंही व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून लावायची मांडणी) दोन्ही अर्धे सुधारू शकत नाही. एलईडी घ्यायचा तर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचा घ्या. पहिला फोटो राखाडी कार्ड ठेवून काढा आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून लावा.

कॅमेरा जे बघेल ते मध्यम राखाडी करू पाहतो. पांढरी गाडी पांढऱ्या कागदावर मळकट येते, तिला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ द्या. काळी गाडी काळ्यावर फिकट येते, तिला −२/३ ते −१. लाल गाडी वेगळीच डोकेदुखी. एकूण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल आधीच कोपऱ्यात आपटलेला असतो आणि दाराची घडी सपाट लाल ठिगळ होऊन जाते. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम उघडा आणि लाल आत येईपर्यंत एक तृतीयांश स्टॉपने खाली या.

खालचा रस्ता

साधी पार्श्वभूमी हवी असेल तर मॅट कार्डशीट मागे उभी करून टेबलावर बाक देऊन सोडा, घडी घालू नका. रस्ता हवा असेल तर काळा किंवा गडद राखाडी पॉलिश पेपर. पण त्याचा नंबर स्केलप्रमाणे घ्या. डांबरातली ५ मिलिमीटरची खडी १:१८ ला सुमारे ०.२८ मिलिमीटर होते, हा ६० नंबरचा कण. १:४३ ला १२० नंबर, १:६४ ला १८०. ६० नंबरवर १:६४ ची गाडी ठेवली तर ती खडी फोडायच्या खाणीत उभी असल्यासारखी दिसते. मॉडेल या कागदावर सरकवू नका, उचलून ठेवा. टायरची कड खरवडते.

पाऊण बाजूने, म्हणजे पुढचा भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा, फोटो घेताना पुढची चाकं अशी वळवा की रिमचा चेहरा कॅमेऱ्याकडे येईल. उलट वळली तर नुसता टायर दिसतो. चाकांच्या मधल्या टोप्यांवर चिन्ह असेल तर सगळी सरळ करा.

धूळ

अर्धा मिलिमीटरचा तंतू १:४३ च्या टपावर २ सेंटिमीटरच्या काडीएवढा होतो. मोठा केलेला फोटो बघेपर्यंत तो दिसत नाही, आणि नंतर एकेक ठिपका संगणकावर पुसत बसावं लागतं. आधी रबरी ब्लोअरने हवा मारा, मग मेकअपच्या मऊ ब्रशने टपाकडून खाली झाडा. बोटांचे ठसे मायक्रोफायबरने, दाब न देता. कोरड्या कापडाने प्लॅस्टिकच्या काचा घासल्या तर त्यांच्यावर स्थिर वीज येते आणि धूळ उलट चिकटते. काच पुसायचे द्रव आणि स्पिरिट छापील पट्ट्या, आकडे उडवू शकतात, वापरू नका. मॉडेल जागेवर ठेवल्यावर हातमोजे घालूनच हात लावा आणि प्रत्येक नव्या कोनाआधी ब्लोअर पुन्हा मारा.

हॅलोजन दिवा वापरत असाल तर दोन फोटोंच्या मध्ये तो बंद करा. बटर पेपर तापतो, आणि त्याच्याखालचं प्लॅस्टिक व डेकलही (चिकटवलेली छापील चित्रं).