साष्टीच्या बेटासाठी झालेले चार तह

वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि ठाणे आज ज्या भूभागावर वसले आहेत, त्याला अठराव्या शतकात साष्टीचे बेट म्हणत. गोव्यातील साष्टी निराळी. माहीमची खाडी ओलांडली की इंग्रजांची मुंबई संपून साष्टी सुरू होई. १७३७ मध्ये मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हापासून मुंबईकर इंग्रजांच्या अगदी दाराशी मराठ्यांचा अंमल आला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात सात वर्षांत जे चार तह झाले, त्या प्रत्येकात या बेटाचा उल्लेख आहे, आणि त्यांतील शेवटचाच का टिकला हे समजण्यासाठी पहिल्या तिन्हींकडे पाहावे लागते.

ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर बसले. परंतु एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नीला पुत्र झाला आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी बारभाईंनी त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. या फुटीचा फायदा घेऊन इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला घेतला. म्हणजे ताबा आधी मिळवला गेला आणि त्याला कागदाचा आधार नंतर शोधण्यात आला. तो आधार मार्च १७७५ च्या सुरत तहाने मिळाला. पेशवाई मिळवून देण्यासाठी फौज मिळावी म्हणून रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देऊ केली. पण पुण्याच्या सत्तेवर त्यांचा हातच नव्हता, त्यामुळे जे आपल्या ताब्यात नाही तेच त्यांनी लिहून दिले, असे म्हणावे लागते.

मुंबईने परस्पर केलेला हा तह कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने नामंजूर केला आणि कर्नल अप्टन यांस पुण्याच्या कारभाऱ्यांकडे पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. त्यात साष्टी इंग्रजांकडे राहिली, युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये ठरले आणि रघुनाथरावांना नेमणूक देऊन राजकारणातून दूर करण्याचे कबूल झाले. मात्र मुंबईकरांनी त्यांना आश्रय देणे थांबवले नाही, आणि ज्या सत्तेने तह पाळायचा तिच्याच एका अंगाला तो मान्य नसल्याने हा कागदही निष्फळ ठरला.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना बरोबर घेऊन मुंबईची फौज बोरघाटाच्या वाटेने निघाली. तोफा आणि सामानसुमान वाहणाऱ्या हजारो बैलांमुळे तिची चाल अत्यंत मंद होती, आणि मराठ्यांनी पुढची गावे व दाणावैरण आधीच जाळून ठेवली होती. जानेवारी १७७९ मध्ये ती तळेगावास पोहोचली तेव्हा रसद तुटत आली होती. रात्री परत फिरताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या. पण महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना वडगावाशी गाठले. वडगावच्या करारानुसार १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख, अर्थात साष्टीही, परत करायची होती आणि त्यासाठी दोन इंग्रज ओलीस ठेवण्यात आले. मुंबईस परतताच मात्र करार करण्याचा सहीकर्त्यांना अधिकारच नव्हता, असे सांगून तो धुडकावला गेला. मराठ्यांच्या बाजूने पाहता हा सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग आहे, कारण रणात जे मिळाले ते साष्टीच्या बाबतीत कागदावरच राहिले.

पुढे इंग्रज सेनापती गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली, तरी १७८१ मध्ये बोरघाटातून माघार घेताना त्याच्या फौजेचे फार हाल झाले. तिकडे हैदरअलीने कर्नाटकात इंग्रजांना जेरीस आणले होते. दोन्ही पक्षांना लढाई नकोशी झाल्यावर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे महादजी आणि इंग्रज वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात सतरा कलमांचा तह झाला. साष्टी व लगतची लहान बेटे इंग्रजांकडे, वसई पेशव्यांकडे आणि रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजार रुपये, अशी वाटणी ठरली. महादजी स्वतः दोन्ही पक्षांचे जामीन राहिले, आणि माझ्या मते या तहाचे बळ याच व्यवस्थेत होते, कारण कलम मोडणाऱ्याला आता केवळ प्रतिपक्षाशी नव्हे, तर हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ सरदाराशीही गाठ पडणार होती. नानांनी मात्र हैदराशी असलेली मैत्री हातची जाऊ नये म्हणून मंजुरी लांबवली. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारल्यावर, १७८३ च्या आरंभी तह पक्का झाला.

यापुढे वीस वर्षे वसईची खाडी हीच सीमा राहिली. उत्तर तीरावर पेशव्यांचा अंमल, दक्षिणेला कंपनीचा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी कंपनीची तैनाती फौज स्वीकारणारा तह केला, तो याच खाडीपलीकडे, सालबाईने पेशव्यांना परत मिळवून दिलेल्या वसईत.