मधुमेही पायाची जखम: उपचारांची पार्श्वभूमी

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत मधुमेही रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी तरुण मधुमेही बहुधा कोमात जाऊन दगावत. इन्सुलिनमुळे ते जगू लागले आणि दुसरेच दुखणे पुढे आले. १९३४ मध्ये बॉस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी बजावले, की कोमाचे मृत्यू घटताहेत, गँगरीनचे (पायाचा भाग मरून सडण्याचे) वाढताहेत. गँगरीन नशिबाने येत नाही, पायाकडे रोज लक्ष दिले तर बराचसा टळतो, असे ते सांगत.

पुढे पेनिसिलिन आले, तरी पाय काढणे थांबले नाही. औषध जखमेपर्यंत रक्तातूनच पोचते. पायाला रक्त नेणारी रोहिणी तुंबलेली असेल तर पोचणार कसे? त्यातच १९५९ च्या एका अभ्यासावरून समज पसरला, की मधुमेहात अगदी बारीक रक्तवाहिन्याच बुजतात, म्हणून तुंबलेल्या रोहिणीला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया व्यर्थ. तो १९८४ मध्ये खोडला गेला. मधल्या पंचवीस वर्षांत वाचू शकणारे किती पाय गेले असतील!

खरी कलाटणी मात्र कुष्ठरोगाकडून मिळाली. वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले, की कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. पाय बधिर असल्याने रुग्ण जखमेवरच चालत राहतो. जखमेवरचा भार काढणारे प्लॅस्टर आणि मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला त्यांनी वापरल्या. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे हीच पद्धत मधुमेहींच्या पायांसाठीही आली.

जंतूंचे गणित वेगळे. पाश्चात्त्य पुस्तकांत स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस आघाडीवर. आपल्याकडच्या कल्चरमध्ये (जखमेतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेबसिएला वारंवार सापडतात, तेही अनेकदा नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. वरवरच्या स्वॅबमध्ये (बोळ्याने पुसून घेतलेल्या नमुन्यात) जखमेवर नुसते वस्तीला असलेले जंतूही उगवतात. म्हणून जखम साफ करून खोलवरचा तुकडा तपासायचा. लाली, सूज, पू अशी लक्षणे नसतील तर अँटिबायोटिक नको, असे अमेरिकी तज्ज्ञांची २००४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही जखम दिसली की गोळ्या लिहून देण्याची सवय आपल्याकडे सुटलेली नाही.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार मऊ भागाच्या संसर्गाला साधारण एक ते दोन आठवडे औषध पुरते. हाड बाधित असून ते काढले नसेल तर सहा आठवडे.