उशिरा पिकलेला वेग

डिसेंबर २०१३, पर्थ. इंग्लंडच्या दुसऱ्या डावातला पहिलाच चेंडू. ऑस्ट्रेलियाच्या रायन हॅरिसने टाकलेला तो चेंडू टप्पा पडताच बाहेर सरकला आणि डावखुऱ्या अ‍ॅलिस्टर कुकच्या बॅटची कड चुकवून ऑफ स्टंपवर आदळला. मी तो कितीदा पाहिलाय, मोजदाद नाही. संथ गतीत पाहा, शिवण जराही डगमगत नाही. चेंडू सोडताना बोटं त्याला उलटी गिरकी देतात आणि फिरता भोवरा जसा तोल धरतो तशी शिवण उभी राहते. ती किंचित तिरकी धरली, की त्या बाजूची हवा तिच्यावर अडखळून खळबळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या बाजूची लवकर सुटते. म्हणून चेंडू हवेत शिवणीच्या रोखाने वळतो. आणि टप्पा शिवणीवर पडला, की तिथूनही सरकतो, जसा हा सरकला.

त्या दिवशी हॅरिस ३४ वर्षांचा होता. बहुतेक वेगवान गोलंदाज या वयात निवृत्तीकडे झुकलेले असतात. याचं कसोटी पदार्पणच तिशी ओलांडल्यावर, मार्च २०१० मध्ये वेलिंग्टनला झालं.

शरीर समजून घेतलं तर हे तितकंसं नवल वाटत नाही. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त जोर अंगात चढतो. त्याच क्षणी कंबर वाकते आणि पिळली जाते. विशीच्या आतबाहेरच्या पोरांचे कमरेचे मणके अजून पुरते भरलेले नसतात, म्हणून तिथे बारीक तडे जातात. पुढे हाड भरत जातं, आणि तडा गेला तरी विश्रांती मिळाली की बहुधा सांधतं.

गुडघ्यातल्या कूर्चेचं तसं नाही. मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर दिसतो ना, तीच ती. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा झिजली की ती जवळजवळ भरून येत नाही. हॅरिसचा गुडघा असाच झिजत गेला. कसब आणि हाडं पिकली, पण तोवर कूर्चा संपत आली होती. मधल्या चिंचोळ्या फटीत त्याने २७ कसोटींत ११३ बळी घेतले, सरासरी २३.५२. मला हे आकडे फार मोठे वाटतात. जुलै २०१५ मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या अ‍ॅशेस मालिकेच्या तोंडावर, नडगीचं हाड मोडल्याचं कळलं आणि तो थांबला.

त्याआधीचं मार्च २०१४ मधलं केपटाऊन मात्र विसरता येत नाही. पाचवा दिवस, मालिका १-१, दक्षिण आफ्रिका सामना वाचवायला चिवटपणे उभी. गुडघा दुखत असूनही हॅरिस पुन्हा धावत आला. तीन चेंडूंत आधी स्टेनचा त्रिफळा, मग मॉर्केलचा. ऑस्ट्रेलिया जिंकली तेव्हा सामन्यात २७ चेंडू शिल्लक होते.