फुलसावंगीच्या लोकांना कोणी विचारलंच नाई : आधी संशय, मंग तपास, याची पार्श्वभूमी

मालेगाव म्हटलं की आपल्या यवतमाळवाल्यांना वाटते लांबची गोष्ट आहे, पण तिथल्या २००६ च्या बॉम्बस्फोट केसमधला एक धागा थेट आपल्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत येतो, अन् हे इथल्याच बऱ्याच लोकांना माहीत नाई.

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. मालेगावात मोठ्या कब्रस्तानाजवळ जुम्म्याच्या नमाजनंतर बॉम्ब फुटले, ३० च्या वर माणसं मेली, जवळजवळ सगळे मुसलमानच. एटीएसनं, म्हंजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं, ९ जण पकडले, तेही सगळे मुसलमान, मोक्का, म्हंजे संघटित गुन्हेगारीचा कडक कायदा, लावला. त्यातला एक मौलाना त्या दिवशी फुलसावंगीत नमाज पढवत होता असं गावातले लोक सांगत होते, म्हंजे मालेगावपासून चारशे किलोमीटरच्या वर. एस्टीनं सकाळी निघालं तरी रात्र होते राजेहो, अन् हा माणूस म्हणे तिथं बॉम्ब ठेवून आला. पण गावाचं सांगणं एका बाजूला अन् पोलिसांसमोरचा कबुलीजबाब दुसऱ्या बाजूला, तवा वजन कशाला आलं ते दिसलंच. २०१० मध्ये दुसऱ्या स्फोटाच्या केसमधले आरोपी स्वामी असीमानंद यांचा, हे काम हिंदुत्ववादी गटाचं असं सांगणारा जबाब आला तवा केस फिरली, २०११ मध्ये एनआयए या केंद्राच्या तपास यंत्रणेकडं गेली, पोरांना जामीन मिळाला, अन् २५ एप्रिल २०१६ ला कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं. एकजण तोवर वारला होता. एटीएसनं यांना बळीचा बकरा केलं असं कोर्टानं म्हटलं, अन् शब-ए-बारातच्या दिवशी आपल्याच लोकांत हे बॉम्ब कशाला फोडतील हा साधा प्रश्नही विचारला. हा प्रश्न फुलसावंगीच्या पानठेल्यावर कोणीही विचारला असता.

आता आधी संशय, मंग तपास ही सवय आली कुठून? मला विचारलं तं ती आतंकवादाच्या आधीची आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला, जन्मानंच माणूस गुन्हेगार, ठाण्यात हजेरी लावा, गाव सोडायचं तं परवानगी घ्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला खरा, पण आपल्याकडं शेतातली मोटर चोरीला गेली की आजही जीप आधी पारध्याच्या बेड्यावरच (वस्तीवरच) जाते, अन् खरा चोर गावातलाच निघाला तरी बेड्यावर जाऊन माफी मागितलेला कोणी मी पाहिला नाई. समाज आधी ठरतो, आरोपी मंग सापडतो.

मंग टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला, १९८५ मध्ये. नेहमीच्या कायद्यात पोलिसासमोरची कबुली पुरावा धरत नाई, टाडात धरायला लागले. आत टाकलेल्यांचा आकडा ७६ हजारांवर गेला अन् शिक्षा लागल्या शंभरात एक-दोघांना. आपल्या गडचिरोलीकडं नक्षलवादाच्या नावानं आदिवासी पोट्ट्यांनाही तो लागला, म्हंजे हा फक्त एकाच धर्माचा प्रश्न नव्हता. १९९५ मध्ये टाडा संपला, पण कबुलीचं ते कलम नंतरच्या 'पोटा' कायद्यात आलं अन् आपल्या राज्याच्या १९९९ च्या मोक्कात तं आजही आहे. त्याच मोक्कात मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांची केस चालली, २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा, त्यातल्या ५ जणांना फाशी, अन् २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं. दहाच दिवसांनी २००८ च्या मालेगाव स्फोटातले ७ आरोपी सुटले, ते हिंदू होते. सुप्रीम कोर्टानं लोकलच्या निकालाला काही बाबतीत स्थगिती दिली ते वेगळं. पण दोन्हीकडच्या मेलेल्यांच्या घरी आज एकच प्रश्न आहे, मंग केलं कोणी? व्हाट्सॲपवर मात्र ज्याला जो निकाल आवडला तो त्यानं फॉरवर्ड केला.

धोका खोटा आहे असं मी म्हणत नाई. १ जून २००६ ला नागपुरात संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला, तिघं मारले गेले. २०२२ मध्ये अमरावतीत एका मेडिकलवाल्याचा खून झाला अन् एनआयएला यावं लागलं. पुसदला २०१५ च्या बकरी ईदला एका पोरानं पोलिसांवर चाकू चालवला हेही खरं. पण तिथं लगेच यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला, आणखी दोघं आत गेले, अन् २०१९ मध्ये अकोल्याच्या स्पेशल कोर्टात दहशतवादाचे आरोप टिकले नाईत. जिहाद शब्द वापरला म्हणून कोणी आतंकवादी होत नाई असं कोर्ट म्हटलं. चाकूवाल्याला हल्ल्यासाठी ३ वर्षं झाली, ती त्यानं आतच कवाच काढली होती.

आता समाजानं काय केलं, तं मुंबईच्या २६/११ नंतर ९ अतिरेक्यांना दफन करायला तिथल्या मुस्लिम कब्रस्तानानं जागा नाकारली, मढे जे.जे. हॉस्पिटलात वर्षभर पडून होते. २०१४ मध्ये कल्याणची चार पोरं आयसिसमध्ये भरती व्हायला इराकला गेली तवा घरचेच पोलिसांकडं गेले. म्हंजे सांगणारे लोक आहेत. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही धर्माचे साधे लोक, रिक्षावाले, यंत्रमागवाले घेऊन, अन् १९९२-९३ मध्ये मुंबई जळाली तवा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडं २००७ पासून तंटामुक्त गाव समिती आली, पोलीस पाटील तं १९६७ च्या कायद्यापासूनच आहे. गावात कोण नवीन आला, कोणाचं पोट्टं कोणासोबत फिरते हे पोलीस पाटलाला अन् मशिदीच्या सदर साहेबाला (कमिटीच्या अध्यक्षाला) ठाण्यापेक्षा आधी कळते. पण बाप ठाण्यात जाऊन, माझं पोरगं मोबाईलवर काही भलतंच पाहते, त्याला समजवा, असं म्हणायची हिंमत कवा करीन? पोरगं परत घरी येईन याची खात्री असीन तवाच ना.

आमच्याकडं गणपती-मोहरमच्या आधी शांतता समितीची मिटिंग होते. दरवर्षी तेच चार हाजी साहेब, तेच मंडळवाले, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, मिरवणुकीचा रस्ता अन् डीजेचा टाइम ठरते, फोटो निघते. वीस मिनिटात सगळे घरी.