रिकर्व्ह घ्यावं की लाँगबो? पहिलं पारंपरिक धनुष्य निवडताना

हे माहितीपत्रक साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा), पुली यांतलं काहीही न लावता चालवायच्या धनुष्यांबद्दल आहे. ओजस देवतळे आणि अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते पुलीच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्यावर. ऑलिंपिकमध्ये दिसतं ते साइट लावलेलं रिकर्व्ह. मुलाला किंवा मुलीला त्या वाटेनं न्यायचं असेल, तर इथलं धनुष्य घेण्याआधी जिल्ह्यातल्या प्रशिक्षकांशी बोला. ‘इंडियन राउंड’ या भारतीय स्पर्धाप्रकारासाठीही तेच. तिथे ५० आणि ३० मीटरवर लाकूड-बांबूचं धनुष्य चालतं, आमच्याकडचं फायबरग्लासचे थर असलेलं धनुष्य तिथे उपयोगाचं नाही.

आधी पौंड ठरवा

‘रिकर्व्ह की लाँगबो’ हा खरं तर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न किती पौंडांचं, म्हणजे ओढायला किती जोर लागणारं, हा आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. दुकानात ४५ पौंडांचं धनुष्य एकदा ओढता येतं. तेच तासाभरात साठ-सत्तर वेळा ओढायचं म्हटलं की खांदा वर चढतो, दोरी हनुवटीपर्यंत पोचायच्या आत सुटते आणि हीच सवय अंगात मुरते. पुढे ती मोडायला महिने लागतात.

सुदृढ पुरुषांनी २५ ते ३० पौंडांपासून सुरुवात करावी, स्त्रियांनी २० ते २५, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांनी १४ ते १८. पारख सोपी आहे. धनुष्य पूर्ण ओढून दहा सेकंद धरा आणि मग न सोडता हळूच परत आणा. हात थरथरला तर चार पौंड खाली या.

लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर, पौंडांचा जो आकडा असतो तो २८ इंच ओढीचा. तुमची ओढ किती, म्हणजे दोरी किती मागे येते, ते घरी काढता येतं. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचनं भागा. ६६ इंच आले तर ओढ साधारण साडेसव्वीस. पारंपरिक पद्धतीत दोरी ओठाच्या कोपऱ्याशी आणतात आणि कोपर किंचित वाकलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धा-एक इंच आणखी कमी भरते. दर इंचामागे दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. म्हणजे ३० पौंडांचं धनुष्य या माणसाच्या हातात २२ ते २६ पौंडांचंच असतं. उलट ३० इंच ओढणाऱ्याच्या हातात तेच ३५ पौंडांच्या आसपास जातं.

दोन्हींत फरक नेमका कुठे

रिकर्व्हची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात आणि दोरी चढवल्यावर त्या वळणावर काही इंच टेकून बसते. ओढायला लागलं की दोरी वळणावरून सुटत जाते. त्यामुळे सुरुवातीच्या इंचांतच चांगला भार लागतो आणि शेवटचे दोन-तीन इंच मऊ जातात. त्याच पौंडांत जास्त जोर साठतो, बाण जरा वेगानं जातो आणि २० मीटरच्या पुढे नेम कमी उचलावा लागतो.

लाँगबोची दोरी टोकांच्या खाचांखेरीज कुठेच लागत नाही. भार एकसारखा चढतो, बाण थोडा सावकाश जातो. पण तिचे लिम्ब अरुंद आणि जाड असल्यानं सहसा पिळत नाहीत. बोटं दोरीवरून वेडीवाकडी सुटली तरी लाँगबो ते बरंच खपवून घेते, रिकर्व्हची पातळ टोकं तेवढं घेत नाहीत. दुसरीकडे रिकर्व्हचा रायझर (मुठीचा मधला भाग) वजनदार, म्हणून धनुष्याच्या हाताची थरथर बाणापर्यंत कमी पोचते. हलक्या लाँगबोत ती सगळीच्या सगळी पोचते. ‘लाँगबो चुका माफ करते’ असं जे ऐकायला मिळतं, ते उजव्या हाताच्या चुकांपुरतं खरं आहे, डाव्या हाताच्या नाही. डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं.

मूठही वेगळी. रिकर्व्हची घडवलेली मूठ पंजा दरवेळी एकाच जागी बसवते. लाँगबोची सरळ, कातडं गुंडाळलेली. तिथे भरलेल्या बादलीची कडी धरतो तसा हात, अंगठ्याच्या मुळाखालचा गादीसारखा भाग मुठीला टेकलेला. रिकर्व्हसारखी मनगट उंच ठेवून लाँगबो धरली तर बाण दरवेळी वेगळ्या उंचीवर जातो.

लाँगबोचा धक्का मनगटाला जाणवतो ही तक्रार रास्त आहे. जड लिम्ब बाण सुटल्यावरही उरलेला जोर घेऊन पुढे येतात आणि तो मुठीत उतरतो. बाण जड केला की धक्का लगेच कमी होतो. डी-आकाराच्या इंग्लिश लाँगबोत तो सर्वांत जास्त असतो, चपट्या अमेरिकन लाँगबोत कमी, आणि हायब्रिड लाँगबोत, म्हणजे जिचे लिम्ब आधी मागे आणि मग पुढे हलकेच वळतात तिच्यात, जवळपास नाहीच. वेगातही हायब्रिड रिकर्व्हच्या जवळ जाते.

इंग्लिश युद्धधनुष्याची मागणी अधूनमधून येते. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात सापडलेली बरीचशी धनुष्यं १०० पौंडांच्या वरची असावीत असा अंदाज आहे. तो नाद चांगला आहे, पण तो कित्येक वर्षांच्या सरावानंतरचा.

मग कोणी काय घ्यावं

पहिलं धनुष्य टेकडाउन रिकर्व्ह असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. लाकडी रायझर, बोल्टनं बसणारे लिम्ब. २६ पौंडांवर चार-सहा महिने गेले की फक्त लिम्बची जोडी बदलून ३० वर जाता येतं, अख्खं धनुष्य नव्यानं घ्यावं लागत नाही. एसटीनं किंवा रेल्वेनं नेताना ते तीन तुकड्यांत सॅकमध्ये मावतं. घरात दोघंजण वापरणार असतील तर प्रत्येकाची लिम्बची जोडी वेगळी ठेवता येते, मात्र दोघांची मूठ एकाच हाताची हवी. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा रायझर डावऱ्याला चालत नाही.

लाँगबो घ्यावी ती ज्यांचा हात बसला आहे त्यांनी, ज्यांना लाकडी बाणांचीच गोडी आहे त्यांनी, किंवा ज्यांना फील्ड (रानातल्या वाटेवरची लक्ष्यं) आणि थ्री-डी (प्राण्यांच्या आकाराची लक्ष्यं) स्पर्धांच्या लाँगबो गटात उतरायचं आहे त्यांनी. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे त्या गटात बाण लाकडाचाच आणि पिसांचाच लागतो. आणखी एक गट आहे: ज्यांना लाँगबो पाहताक्षणी आवडली आणि दुसरं काही नकोच आहे. त्यांना आम्ही अडवत नाही, फक्त पौंड कमी घ्या एवढंच सांगतो, कारण इथे लिम्ब बदलायची सोय नाही.

धनुष्याची लांबी ओढीवरून ठरते. ओढ २७ इंचांपर्यंत असेल तर रिकर्व्ह ६० किंवा ६२ इंची, २७ ते २९ ला ६२ ते ६४, त्यापुढे ६६. लाँगबो अनुक्रमे ६६, ६८ आणि ७०. आखूड धनुष्य लांब ओढीला घेतलं की शेवटच्या इंचात भार एकदम चढतो, दोरीचा कोन निमुळता होतो आणि बोटं नॉकवर (बाणाच्या मागच्या खाचेवर) आवळली जातात. बाण टेकवायच्या पट्टीवरून तो उचलला जातो तो बहुधा यामुळेच.

बाण: इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

रिकर्व्हची बाण टेकवायची पट्टी मध्यरेषेपर्यंत किंवा तिच्या जरा आत कोरलेली असते. लाँगबोची मध्यरेषेच्या अलीकडेच थांबते. त्यामुळे लाँगबोतला बाण मुठीला वळसा घालून जातो आणि त्याला जास्त लवचीक काडी लागते. उजव्या हातानं ओढणाऱ्याचे रिकर्व्हवर सरळ जाणारे बाण त्याच पौंडांच्या लाँगबोवर डावीकडे पडतात, ते यामुळे.

काडीचा ताठरपणा म्हणजे स्पाइन. कार्बनच्या काडीवर ७०० लिहिलेलं असेल तर २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये १.९४ पौंडांचं वजन टांगल्यावर ती ०.७ इंच वाकते. म्हणजे आकडा मोठा तर काडी मऊ. लाकडी काडीवर मात्र पौंड लिहितात आणि तिथे आकडा मोठा तर काडी ताठ. दोन्ही आकडे एकाच फूटपट्टीनं वाचू नका.

तुमच्या ओढीला खरोखर ३० पौंड भरत असतील तर रिकर्व्हला २९ इंची, १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) टोकाचा ७०० स्पाइनचा कार्बन बाण ही सुरुवात, लाँगबोला ८००. लाकडी बाणाला ३० ते ३५ पौंडांची काडी. एक डझन घेण्याआधी दोन-तीनच घ्या आणि एकाची पिसं काढून १० मीटरवरून तपासा. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे पडला तर काडी ताठ आहे: टोक १२५ ग्रेनचं लावा. उजवीकडे पडला तर काडी मऊ आहे: एका वेळी पाव इंच कापत जा. कापलेला बाण लांब होत नाही, म्हणून घाई नको.

एकूण वजन धनुष्याच्या दर पौंडामागे रिकर्व्हला किमान ८-९ ग्रेन आणि लाँगबोला १० ठेवा. ३० पौंडांच्या लाँगबोला ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. बाण फार हलका असेल तर जोर लिम्बमध्येच राहतो, आणि रिकाम्या दोरीचा फटका तर लिम्ब एका दणक्यात फोडू शकतो. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. पाहुण्यांच्या हातात धनुष्य देताना हे आधी सांगा, कारण ‘बघू तरी’ म्हणून ओढणारा हमखास सोडूनच देतो. नॉक तडकलेला असला तरी परिणाम तोच, म्हणून दर फेरीनंतर नॉक पाहा. कार्बनची काडी कानाजवळ धरून हलकेच वाकवा. करकर ऐकू आली तर ती मोडून टाका, जपून ठेवू नका.

पट्टीवरून मारायचं असेल तर पिसंच हवीत, प्लॅस्टिकचे व्हेन नाहीत. पिसं पट्टीला घासताना दबतात, व्हेन दबत नाहीत आणि बाण उसळतो.

दोरी आणि ती चढवणं

‘६२ ची दोरी द्या’ एवढं पुरत नाही. ६२ इंची रिकर्व्हची दोरी ५८ इंच असते आणि ६२ इंची लाँगबोची ५९. जुन्या किंवा टोकं मजबूत न केलेल्या धनुष्याला डेक्रॉनचीच दोरी लावा. न ताणणाऱ्या फास्टफ्लाइट दोरीनं अशी टोकं चिरतात.

मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर ६२ इंची रिकर्व्हला साडेसात ते आठ इंच, ६८ इंची लाँगबोला सव्वासहा ते सात. दोरीला पीळ दिला की ते वाढतं, पीळ सोडला की कमी होतं. फार कमी असेल तर दोरी मनगटावर बसते आणि खणखण आवाज येतो. डेक्रॉनची नवी दोरी पहिल्या शंभरेक बाणांत ताणते, तेव्हा पुन्हा मोजा.

दोरी चढवताना स्ट्रिंगर वापरा. तो आम्ही प्रत्येक धनुष्याबरोबर देतो आणि पुष्कळ जण तो पिशवीतून बाहेरच काढत नाहीत. पाय घालून, मांडीवर वाकवून रिकर्व्हला दोरी चढवली की खालचा लिम्ब पिळतो. चढवल्यावर धनुष्य नजरेसमोर उभं धरा. दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध आणि टोकांच्या चरांत बसलेली दिसली पाहिजे. एका बाजूला सरकलेली दिसली तर ओढू नका, उतरवून परत चढवा.

ठेवायचं कसं

थर चिकटवलेल्या धनुष्याचा शत्रू ऊन. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या धनुष्याचे थर सुटतात, आणि ते पुन्हा जोडून मिळत नाहीत. कोपऱ्यात टेकवून उभं ठेवू नका. दोरी उतरवून भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोकणात, घाटात पावसाळ्यात लाकडी बाण वाकतात आणि बोटांवर घालायच्या चामड्याच्या टॅबला बुरशी धरते. बाण आडवे आणि कोरड्या जागी, टॅब उघड्यावर. दोरीला महिन्यातून एकदा मेण.

सोसायटीच्या गच्चीवर सराव करू नका. २५ पौंडांचा चुकलेला बाणही कठडा ओलांडून शंभर मीटरच्या पुढे जातो. लक्ष्यामागे भिंत किंवा मातीचा बांध हवा. शिकारीची पाती आम्ही विकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे.

धनुष्य बघायला याल तेव्हा हातांच्या पसाऱ्याचं माप लिहून आणा आणि कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहून या: हात लांब करून दोन तळव्यांमधल्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला ती जागेवर दिसते तो प्रबळ, आणि शक्यतो त्याच बाजूच्या हातानं ओढायचं. येताना घट्ट बाह्यांचा शर्ट घाला. सैल बाहीत दोरी अडकते. आर्मगार्ड आणि टॅब आमच्याकडे वापरून पाहण्यासाठी ठेवलेले आहेत.